बिनपाण्याची हजामत: जिलेटची २०१९ ची जाहिरात आणि तिच्यावर उठलेलं वादळ

जानेवारी २०१९ मध्ये जिलेटने पुरुषांना चार शब्द सुनावणारी एक जाहिरात काढली आणि अमेरिकेत रान पेटलं. तेव्हापासून 'पौरुष' हा विषय जाहिरातीत आला की कोणी ना कोणी जिलेटचा दाखला देतंच. दाखले बहुतेक अर्धवट असतात, काही तर साफ चुकीचे. मार्केटिंग शिकणारी मुलं, छोट्या एजन्सीतले लोक आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा फॉरवर्ड वाचून आलेली मंडळी हेच प्रश्न फिरून फिरून विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी आणली आहेत.

जाहिरातीत नेमकं होतं काय? मी फक्त भांडण ऐकलंय.

भांडण ऐकलेले पुष्कळ, जाहिरात पाहिलेले कमी, हे तेव्हाही असंच होतं. साधारण पावणेदोन मिनिटांची फिल्म आहे. सुरुवातीला आरशापुढे उभे असलेले पुरुष दिसतात आणि मागे बातम्यांचे आवाज येतात: मी टू, दादागिरी, छळ. मग जिलेटचीच जुनी जाहिरात पडद्यावर चालू असते, त्यातली बाई गुळगुळीत गालाचा मुका घेते, आणि तो पडदा फाडून पोरांचा घोळका धावत बाहेर येतो. १९८९ पासून कंपनी 'पुरुषाला मिळू शकेल ते सर्वोत्तम' अशा अर्थाचं घोषवाक्य मिरवत होती. तिसाव्या वर्षी तिने त्याच वाक्याला फिरवून विचारलं, की पुरुषाचं सर्वोत्तम ते हेच का?

पुढचे प्रसंग भराभर येतात. आई मुलाला कुशीत घेऊन बसली आहे आणि त्याला मोबाइलवर आलेल्या शिव्या तिच्याभोवती तरंगतायत. मीटिंगमध्ये साहेब सहकारी बाईच्या खांद्यावर हात ठेवतो आणि तिचं म्हणणं तिच्याच देखत इतरांना समजावून सांगतो. सगळ्यात जास्त चर्चा झाली ती हिरवळीवरच्या प्रसंगाची. दोन लहान पोरं एकमेकांना लोळवतायत, आणि समोर बार्बेक्यूच्या शेगड्यांमागे हाताची घडी घालून बापांची रांग उभी आहे. कॅमेरा रांगेवरून सरकतो, रांग संपत नाही, आणि प्रत्येक जण एकच वाक्य पाठ म्हटल्यासारखं म्हणतो: पोरं म्हटली की असं चालायचंच.

उत्तरार्धात सूर बदलतो. अभिनेता टेरी क्रूज अमेरिकी सिनेटपुढे साक्ष देताना दिसतो. रस्त्यावर बाईच्या मागे निघालेल्या मित्राला दुसरा मित्र अडवतो. बाप मुलीला आरशापुढे धरून 'मी खंबीर आहे' असं म्हणायला लावतो. एक जण मारामारी सोडवायला धावतो आणि त्याचा मुलगा ते बघत असतो. आज बघणारी पोरं उद्याचे पुरुष आहेत, असा शेवट. दिग्दर्शन किम गेहरिगचं, एजन्सी ग्रे.

संपूर्ण फिल्ममध्ये दाढी करण्याबद्दल जवळजवळ काहीच नाही, हेही ध्यानात घ्या.

मग त्यात चिडण्यासारखं काय होतं? मारामारी सोडवा, बायकांना छेडू नका, हे तर कोणीही म्हणेल.

म्हणेलच. पण राग सल्ल्याचा नव्हता, सल्ला कोणाला दिला जातोय याचा होता.

निवेदकाचं एक वाक्य नीट ऐका. तो म्हणतो, योग्य ते बोलणारे, योग्य ते वागणारे काही पुरुष आहेत, पण काही असून भागणार नाही. लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा प्रोत्साहन होतं. ऐकणाऱ्याने हिशोब केला: चांगले 'काही', म्हणजे उरलेले सगळे वाईट, आणि मी कुठल्या बाजूला ते न विचारताच मला रांगेत उभं केलं. शेगड्यांमागच्या बापांची ती न संपणारी रांग हाच हिशोब डोळ्यांना दाखवते. दिवसभर राबून घरी आलेल्या, कधी कोणाकडे वाकड्या नजरेने न पाहिलेल्या माणसाला ते झोंबणं मला तरी स्वाभाविक वाटतं. त्याने रेझर विकत घेतला होता, वर्तणुकीचा दाखला मागितला नव्हता.

वेळही आगीत तेल ओतणारी होती. मी टूचं वादळ ऑक्टोबर २०१७ पासून चालू होतं, अमेरिकी सर्वोच्च न्यायालयासाठी निवडलेले न्यायाधीश कॅव्हनॉ यांच्यावरच्या लैंगिक अत्याचाराच्या आरोपांची वादळी सुनावणी होऊन तीन-चार महिने झाले होते. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने मुलगे आणि पुरुष यांच्यावर उपचार करण्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं ऑगस्ट २०१८ मध्ये काढली होती, त्यांच्यावरून गदारोळ उठला तो नेमका त्याच जानेवारीत. 'पुरुष असणं हाच आता गुन्हा' असं वाटणाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. ब्रिटिश पत्रकार पिअर्स मॉर्गनने आपण आयुष्यभर जिलेट वापरत आलो, आता कदाचित सोडू, असं ट्विट केलं आणि पुढचे काही दिवस लोक रेझर कमोडमध्ये टाकल्याचे फोटो टाकत राहिले. (पैसे देऊन घेतलेली वस्तू फेकल्याने कंपनीचं काय बिघडतं, हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसावा.)

विरोध करणारे फक्त पुरुष, आणि तेही उजवे, असं म्हणतात. खरं का?

आवाज त्यांचा मोठा होता, पण टीका दोन्ही अंगांनी झाली. स्त्रीवादी मंडळींतल्या अनेकांनी विचारलं की ही तीच कंपनी ना, जिच्या बायकांच्या रेझरच्या किमतीवरून 'गुलाबी कर' (पिंक टॅक्स) अशी ओरड होते? बायकांच्या वस्तूंना निव्वळ रंग बदलून जास्त दाम लावले जातात, असा तो आक्षेप. न्यूयॉर्कच्या ग्राहक खात्याने २०१५ मध्ये केलेल्या तुलनेत रेझरही होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आणखी एक आक्षेप असा, की फिल्ममध्ये चुकणारे बहुतेक गोरे आणि सुधारणारे बरेचसे काळे. हा आक्षेप घेणाऱ्यांनी चौकट न् चौकट थांबवून मोजदाद केली होती.

बाजूने बोलणारेही होते. मार्टिन ल्यूथर किंग यांची कन्या बर्नीस किंग यांनी ही जाहिरात पुरुषांच्या विरोधात नसून माणुसकीच्या बाजूची आहे, असं म्हटलं.

यूट्यूबवर लाखो डिसलाइक पडले. म्हणजे बहुसंख्य लोकांना ती आवडली नाही ना?

डिसलाइक दहा लाखांच्या वर गेले आणि लाइकना त्यांनी कितीतरी मागे टाकलं, एवढं खरं. पण डिसलाइक म्हणजे मतदान नव्हे. ज्याला राग येतो तो बटण दाबायला मुद्दाम जातो, दुसऱ्यांना पाठवतो; ज्याला ठीक वाटतं तो पुढे सरकतो. त्याच आठवड्यात मॉर्निंग कन्सल्ट या संस्थेने अमेरिकी ग्राहकांना फिल्म दाखवून पाहणी केली, त्यात अनुकूल मत देणारे प्रतिकूल मत देणाऱ्यांपेक्षा बरेच जास्त निघाले.

आज तो आकडा तुम्हाला दिसणारही नाही. नोव्हेंबर २०२१ पासून यूट्यूबने डिसलाइकची संख्या सगळ्यांसाठीच झाकली आहे.

जिलेटने माफी मागितली का? जाहिरात मागे घेतली का?

दोन्ही नाही.

पण कंपनी त्यात ८ अब्ज डॉलरला बुडाली ना?

हा या विषयातला सगळ्यात जास्त फिरलेला फॉरवर्ड. त्यातला आकडा खरा आहे, निष्कर्ष खोटा आहे, त्यामुळे थोडं सविस्तर.

३० जुलै २०१९ रोजी मालक कंपनी प्रॉक्टर अँड गँबलने (पी अँड जी) जाहीर केलं की जिलेटची ताळेबंदातली किंमत ८ अब्ज डॉलरने कमी करतोय. त्यामुळे त्या तिमाहीत कंपनीला सुमारे ५.२ अब्ज डॉलरचा तोटा दिसला. जानेवारीत जाहिरात, जुलैत तोटा, म्हणून लोकांनी दोन टोकं जोडली.

आता ही ८ अब्जांची भानगड काय ते पाहा. २००५ मध्ये पी अँड जीने जिलेट सुमारे ५७ अब्ज डॉलरला विकत घेतली. एवढी मोठी रक्कम दिली की त्यातली बरीचशी 'ब्रँडचं नाव' आणि 'गुडविल' म्हणून वहीत चढते. पुढे हे नाव अजून तेवढ्या मोलाचं आहे का, हे कंपनीला वेळोवेळी तपासावं लागतं, आणि नसेल तर किंमत उतरवावी लागते. गल्ल्यातून एक पैसाही जात नाही. उतरणीची कारणं कंपनीने दिली ती अशी: चौदा वर्षांत बाहेरच्या देशांची चलनं डॉलरपुढे घसरली, स्पर्धा वाढली, आणि पुरुष दाढी कमी वेळा करू लागले.

तिन्ही कारणं जाहिरातीच्या बरीच आधीची आहेत. डॉलर शेव्ह क्लबचा तो गाजलेला व्हिडिओ मार्च २०१२ चा. महिन्याला थोडक्या डॉलरांत घरपोच पाती, आणि महागड्या रेझरची यथेच्छ टिंगल. पाठोपाठ हॅरीज ही तशीच कंपनी आली. २०१६ मध्ये युनिलिव्हरने डॉलर शेव्ह क्लब सुमारे १ अब्ज डॉलरला घेतली, तेव्हा जिलेटचं धाबं दणाणलं असणार. दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या पुरुषांच्या रेझरचा सुमारे सत्तर टक्के बाजार तिच्याकडे होता, तो तोवर पन्नाशीकडे आला होता. २०१७ मध्ये जिलेटला अमेरिकेत किमती उतरवाव्या लागल्या. शिवाय दाढी राखण्याची फॅशन आली ती आलीच. हे सगळं २०१९ च्या आधी.

आणि फॉरवर्डमध्ये कधीच नसलेली गोष्ट: तोटा जाहीर झाला त्या दिवशी पी अँड जीचा शेअर वर गेला. एकूण विक्री बाजाराच्या अंदाजापेक्षा चांगली होती आणि ८ अब्जांची नोंद कागदोपत्री आहे हे गुंतवणूकदारांना कळत होतं.

मग जाहिरातीने फायदा झाला असं म्हणायचं?

तसंही नाही. जानेवारीतच कंपनीच्या वित्त प्रमुखांनी सांगितलं की विक्री जाहिरातीच्या आधी होती तशीच आहे. एवढं जग ढवळून निघालं आणि रेझर खपायचे तेवढेच खपले! माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात बोलका तपशील हा आहे.

कंपनीला हे आधी कळलं नव्हतं का?

विरोध होणार हे कळलं नसेल यावर विश्वास बसत नाही. पण तिची अडचण वेगळी होती. पाती महाग आहेत ही तक्रार खरीच होती, त्यावर स्वस्तवाल्यांशी किमतीत भांडून नफा उरत नाही. विशीतल्या पोरांना 'बाबा वापरायचे तो ब्रँड' एवढीच जिलेटची ओळख. चर्चेत यायचं तर काहीतरी ठाम बोलायचं, असा तो काळ होता. सप्टेंबर २०१८ मध्ये नाइकीने वर्णद्वेषाच्या निषेधार्थ राष्ट्रगीताच्या वेळी गुडघ्यावर बसणाऱ्या कॉलिन केपरनिक या अमेरिकी फुटबॉलपटूला जाहिरातीत घेतलं होतं, बूट जाळले गेले, आणि तरी विक्री वाढली. तेच गणित जिलेटने मांडलं असावं. फरक एवढाच की नाइकीने आपल्या गिऱ्हाइकाला बंडखोर म्हटलं, जिलेटने संशयित.

सोबत तीन वर्षं दरवर्षी १० लाख डॉलर अमेरिकेतल्या सामाजिक संस्थांना द्यायचं जाहीर केलं. पहिली संस्था बॉइज अँड गर्ल्स क्लब्ज ऑफ अमेरिका. जिलेटच्या आकाराच्या कंपनीसाठी ही रक्कम किरकोळ, आणि टीकाकारांनी ते बोलून दाखवलंच.

त्यानंतर जिलेट गप्प बसली का?

नाही. मे २०१९ मध्ये कॅनडात एक बाप आपल्या ट्रान्स मुलाला पहिल्यांदा दाढी करायला शिकवतो, अशी छोटी फिल्म आली. त्यावरही वाद झाला, पण पाहणाऱ्यांपैकी पुष्कळांना ती भिडली, कारण तिथे आरोप कोणावरच नव्हता. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात अग्निशमन दलातल्या जवानाची जाहिरात आली, तेव्हा 'घाबरून मागे फिरले' असं छापून आलं. फिरले की मुळात दोन्ही आघाड्या चालू होत्या, हे ज्याने त्याने ठरवावं.

भारतात असं काही झालं का?

इथे हीच कंपनी, हीच एजन्सी, हाच विषय, आणि निकाल अगदी उलटा. जिलेट इंडिया ही शेअर बाजारात स्वतंत्र नोंद असलेली कंपनी आहे, मुंबईत अंधेरीला चकाल्यात पी अँड जीच्या इमारतीतून कारभार चालतो. एप्रिल २०१९ मध्ये, म्हणजे अमेरिकेतला धुरळा खाली बसायच्या आत, तिने उत्तर प्रदेशातल्या बनवारी टोला गावच्या दोन बहिणींची गोष्ट दाखवली. वडील आजारी पडले, दुकान बंद पडायची वेळ आली, तेव्हा या पोरींनी केस कापून, मुलग्यांची नावं घेऊन गावकऱ्यांच्या दाढ्या केल्या. फिल्ममध्ये एक छोटा मुलगा वडिलांसोबत दुकानात येतो, मुलगी दाढी करणार म्हणून चमकतो, आणि वडील म्हणतात की वस्तऱ्याला काय ठाऊक, चालवणारा मुलगा की मुलगी.

मे महिन्यात सचिन तेंडुलकर त्या बहिणींच्या हातून दाढी करून घेऊन आला. आजवर दुसऱ्या कोणाकडून दाढी करून घेतली नव्हती, असं त्याने फोटोसोबत लिहिलं. आता सचिनने गाल पुढे केल्यावर कोण काय बोलणार!

पण सचिन हे अर्धंच कारण. या फिल्ममध्ये खोटा ठरवलेला असा पुरुष एकही नाही. बाप चांगला, गिऱ्हाईक चांगलं, बदलतो तो एक लहान मुलगा, आणि बघणारा आपसूक त्या मुलाच्या जागी बसतो. धंद्याच्या दृष्टीनेही ती जागा अचूक होती. भारतात जिलेटची लढाई घरपोच पाती पाठवणाऱ्यांशी नाही; ती कोपऱ्यावरच्या सलूनशी आणि साध्या दुधारी ब्लेडशी आहे. म्हणून तर २०१० मध्ये तिने १५ रुपयांचा रेझर आणि ५ रुपयांचं पातं असलेला जिलेट गार्ड काढला.

(जाता जाता: अशी गोष्ट शोधायला उत्तर प्रदेश गाठायची गरज नव्हती. नवरा गेल्यावर पोरींना जगवण्यासाठी हाती वस्तरा घेतलेल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या शांताबाईंबद्दल आपल्या वर्तमानपत्रांनी अनेकदा लिहिलं आहे, आणि त्यांची गोष्ट १९८० च्या दशकातली.)

पुरुषांबद्दल भूमिका घेतली की भडका उडतोच का?

उडत नाही. ठाण्याच्या रेमंडने नव्वदच्या दशकापासून 'द कम्प्लीट मॅन' दाखवला: तान्ह्या बाळाला छातीशी धरणारा, कुत्र्याच्या पिल्लांत रमणारा, जुन्या मास्तरांना भेटायला जाणारा. त्या काळच्या मर्दानी चौकटीला ती सरळ छेद देणारी भूमिका होती, आणि लोकांनी सूट शिवले. २०१५ मध्ये एरिअलने 'कपडे धुणं हे फक्त बाईचं काम आहे का' असं भारतीय नवऱ्यांना विचारलं. कुरकुर झाली, भडका नाही.

सगळ्यात गमतीचा नमुना अ‍ॅक्सचा. डिओ मारला की बायका धावत येतात, असं वर्षानुवर्षं विकणारा हा ब्रँड. २०१७ मध्ये त्याने पुरुष गुगलवर गुपचूप काय विचारतात ते दाखवलं: मुलग्याने रडलेलं चालतं का, बारीक असलेलं चालतं का, गुलाबी घातलेलं चालतं का. विषय जिलेटचाच होता, पण पुरुषाला पिंजऱ्यात उभं करण्याऐवजी त्याच्या पाठीवरचं ओझं दाखवलं. दोन वर्षं आधीची फिल्म, आणि आज तिची आठवण कोणाला नाही. जाहिरातवाल्यांना हेही बोचतं, कारण भडका नाही म्हणजे फुकटची प्रसिद्धीही नाही.

बड लाइटचं प्रकरण असंच होतं का?

राग तसाच, परिणाम अगदी वेगळा. एप्रिल २०२३ मध्ये डिलन मुलवेनी या ट्रान्स इन्फ्लुएन्सरला बड लाइट या अमेरिकी बिअरने तिच्या चेहऱ्याचा कॅन पाठवला, तिने छोटा व्हिडिओ टाकला, बस एवढंच. विक्री काही आठवड्यांत सुमारे चतुर्थांशाने पडली आणि दोन दशकं अमेरिकेत पहिल्या नंबरवर असलेली ही बिअर मोडेलो या दुसऱ्या बिअरच्या मागे गेली.

कारण बिअर चारचौघांत पितात. हातात कुठला कॅन आहे ते मित्रांना दिसतं, टोमणा बसतो, आणि शेजारच्याच फ्रिजमध्ये त्याच भावात दुसरी बिअर असते. रेझर न्हाणीघरात असतो. दांडा जिलेटचा असला की पातीही तिचीच लागतात. शिवाय जिलेट आपल्या म्हणण्यावर ठाम राहिली. बड लाइटच्या कंपनीने मोघम निवेदन काढलं, मार्केटिंगच्या अधिकाऱ्यांना रजेवर धाडलं आणि दोन्हीकडच्यांना नाराज केलं.

पुरुषांची टिंगल करणाऱ्या जाहिरातीवर बंदी येऊ शकते का?

ब्रिटनमध्ये आली आहे. जून २०१९ मध्ये तिथे 'बाई अशीच, पुरुष असाच' दाखवणाऱ्या अपायकारक साच्यांवर नियम लागू झाला, आणि ऑगस्टमध्ये पहिल्या दोन जाहिराती बंद झाल्या त्यांतली एक फिलाडेल्फिया चीजची: दोन बाप खाण्याच्या नादात तान्ह्या बाळाला सरकत्या पट्ट्यावर विसरतात. १२८ लोकांनी तक्रार केली की बापांना बावळट का दाखवता. तक्रार टिकली.

भारतात मुंबईची जाहिरात मानक परिषद, म्हणजे अ‍ॅस्की, १९८५ पासून तक्रारी घेते. ग्राहकाला पैसे पडत नाहीत, ऑनलाइन अर्ज चालतो. जून २०२२ मध्ये तिनेही लिंगभेदाविषयी मार्गदर्शक तत्त्वं आणली. त्याच महिन्यात लेयर शॉट या डिओच्या जाहिराती गाजल्या. पुरुषांच्या टोळक्याचं बोलणं ऐकून समोरच्या मुलीला वाटतं की आपल्यावर अत्याचार होणार, आणि बोलणं निघतं बाटलीबद्दल. माहिती व प्रसारण मंत्रालयाने ट्विटर आणि यूट्यूबला त्या काढायला सांगितल्या, अ‍ॅस्कीनेही थांबवल्या. त्या वेळचा जनक्षोभ पुरुषांना दुखावल्याचा नव्हता, बलात्काराचा विनोद केल्याचा होता. दोन्ही प्रकार एकाच यादीत टाकून 'हल्ली लोकांना काहीच चालत नाही' म्हणणाऱ्यांनी निदान ही जाहिरात आठवावी.

१९ नोव्हेंबरला पुरुष दिनाची पोस्ट टाकायची आहे. आमचं कपड्यांचं दुकान आहे. काय टाळू?

'सगळे पुरुष', 'खरा पुरुष', 'आता तरी बदला' हे तीन शब्दप्रयोग आधी खोडा. मग बघा, पोस्टमध्ये एखादा खरा माणूस उरतो का. तुमच्याकडे वीस वर्षं शिवणारे मास्तर असतील, मुलीला स्वतः दुकानात घेऊन येऊन तिच्या पसंतीने कापड घेणारा बाप असेल. त्यांना विचारून, त्यांच्या परवानगीने, त्यांचा फोटो टाका. बायकांच्या कुर्त्याला पुरुषांच्या कुर्त्यापेक्षा जास्त भाव लावत असाल तर तो आदल्या दिवशी तपासा, कारण कमेंटमध्ये पहिला प्रश्न तोच येईल. आणि सेलचं पोस्टर त्याच पोस्टला जोडू नका, दुसऱ्या दिवशी टाका.